चौथ्या क्वार्टरला बाहेर जाणारा माणूस

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच सांगते. मराठी मंडळाच्या अंकासाठी शुभदामावशी म्हणाल्या, "तुझ्या गावातल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल लिही", मी लगेच हो म्हणाले, आणि मग तीन वेळा लिहून तीन वेळा पुसलं. कारण यात मी एक गोष्ट केलीय जी स्टेडियमच्या गेटवर काम करणाऱ्या मुलीने अजिबात करायची नसते. मिस्टर हॉइटना विचारलं तर ते म्हणाले, "लिही की. तुमच्या भाषेत लिहिणार ना? मग कॉर्बिनवाल्यांना काय डोंबल कळणार." (कॉर्बिन म्हणजे आमच्या कॉलेजची हाडवैरी टीम.) तरी हात होईना. पण काल मी त्यांच्याकडे जाऊन आले आणि आता राहवत नाहीये, म्हणून एका दमात लिहून पाठवतेय. चुका असतील तर मावशी बघतील.

तर हॉइट लेडलो. वय त्र्याहत्तर. अडतीस वर्षं आमच्या भागातल्या वीज सोसायटीत खांबावर चढायचं काम केलं. इथे चक्रीवादळ येऊन गेलं की आठ-आठ दिवस गावं अंधारात असतात, तेव्हा सगळ्यात आधी पट्टा बांधून वर जाणारे हे. एकदा विजेची चालू तार तुटून ट्रकवर पडली, आतला माणूस ओरडत होता, आणि हे खाली उभे राहून त्याच्याशी मासेमारीच्या गप्पा मारत बसले, तो घाबरून खाली उतरू नये म्हणून. हे सगळं मला इतरांनी सांगितलंय, ते स्वतः सांगत नाहीत.

असा माणूस एकाच गोष्टीला घाबरतो. टॅल्मेज स्टेटच्या फुटबॉलचा चौथा क्वार्टर.

फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून बॉल पोटाशी धरून पळायचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे चार क्वार्टरचा. टॅल्मेज स्टेट म्हणजे माझंच कॉलेज, आणि टीमचं नाव हेरन्स. बगळे. हो, बगळेच. करड्या रंगाचे, छातीवर लांब चोच. आमच्याइतके चांगले तीन क्वार्टर आख्ख्या अलाबामात कुणी खेळत नाही. चौथ्यात काय होतं ते देवालाच ठाऊक. मिस्टर हॉइटचे मित्र डब स्कॉगिन्स, पोस्टमन होते, आता रिटायर, त्यांच्या मागच्याच रांगेत बसतात, ते म्हणतात, "देवाने हा खेळ तीन क्वार्टरचा केला असता ना, तर आपल्या बगळ्यांचे पुतळे उभे राहिले असते." आणि दर शनिवारी म्हणतात. आणि दर शनिवारी सगळे हसतात आणि मग कुणीतरी एक मोठा सुस्कारा टाकतं, आणि मग सत्त्याण्णव साल निघतं.

सत्त्याण्णव. तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण मला ती मॅच पाठ आहे. नऊ मॅच, नऊ जिंकलेल्या. कोच तरुण, बॉल फेकणारा पोरगा असा की त्याला बघायला शेजारच्या राज्यातून माणसं यायची. पेपरवाले लिहायचे की पाच वर्षांत ही टीम देशातल्या मोठ्या टीम्समध्ये असेल. दहावी मॅच घरच्या मैदानावर, पाच पॉइंटनी पुढे, चाळीस सेकंद उरलेले, बॉल आपल्याकडे. मिस्टर हॉइट उठले. दोन्ही सीटवरच्या गाद्या गुंडाळून काखेत मारल्या आणि म्हणाले, "चला, झालं."

मिस नेल्डा, म्हणजे त्यांची बायको (इथे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात), म्हणाल्या, "बस खाली."

ते नाही बसले. आणि त्याच वेळी आपल्या पोराच्या हातून बॉल निसटला, समोरच्याने उचलला, आणि अर्धं मैदान पळत जाऊन सहा पॉइंट घेतले. हरलो.

बस. तेवढंच. नाताळात कोच मोठ्या कॉलेजात निघून गेला, उन्हाळ्यात त्या पोराचा गुडघा गेला, आणि पेपरवाल्यांनी पुन्हा कधी आमचं नाव तसं लिहिलं नाही. दर ऑगस्टला वाटतं या वर्षी. दर नोव्हेंबरला कळतं की नाही.

मिस्टर हॉइट कुणाला म्हणाले नाहीत की हे माझ्यामुळे झालं. पण पुढच्या वर्षी एका मॅचला आपण चौदा पॉइंटनी मागे होतो, तिसरा क्वार्टर संपला आणि त्यांना आठवलं की ट्रकचे दिवे चालू राहिलेत. ते दिवे बंद करायला बाहेर गेले. एकदा गेटबाहेर पडलं की परत आत घेत नाहीत, तेव्हाही घेत नव्हते. ते बाहेर अडकले, आणि आतून जो आरडाओरडा सुरू झाला तो थांबेचना. जिंकलो! तेव्हापासून सव्वीस वर्षं, घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला, चौथा क्वार्टर सुरू व्हायच्या आत, हॉइट लेडलो सहा नंबरच्या गेटमधून बाहेर जातात आणि मिस नेल्डा बावीस नंबरच्या रांगेत नऊ नंबरच्या सीटवर एकट्या बसतात. दहा नंबरवर नुसती गादी.

सहा नंबरचं गेट माझं. म्हणजे फर्स्ट इयरपासून तिथे माझी ड्युटी. पहिल्याच शनिवारी मी त्यांना म्हणाले, "सर, परत आत येता येणार नाही."

"माहितीये," ते म्हणाले. "मी जिवंत असेपर्यंत मला आत घेऊ नकोस."

मी गेट उघडलं आणि ते समोरच्या तिकिटाच्या बंद खोलीला टेकून उभे राहिले. रेडिओ नाही, फोन नाही, स्कोअरबोर्डकडे पाठ. रेडिओ ऐकला तर ते बघितल्यासारखंच झालं, असं त्यांचं म्हणणं. नुसता आवाज ऐकायचा. चार वर्षं मी गजाच्या आतून आणि ते बाहेरून, आमच्या गप्पा झाल्या. मला केमिस्ट्रीत नापास होताना त्यांनी बघितलंय. माझ्या ब्रेकअपला ते म्हणाले होते, "पोरी, तो कॉर्बिनचाच निघायचा होता." (तो नव्हता. पण बरं वाटलं.)

आता या नोव्हेंबरचं.

आठ जिंकलेल्या, दोन हरलेल्या, आणि घरची शेवटची मॅच कॉर्बिन व्हॅलीशी. जिंकलो तर विजेतेपदाची मॅच खेळायला जाणार, इतक्या जवळ सत्त्याण्णवनंतर पहिल्यांदाच आलो होतो. आख्खं गाव आठवडाभर नीट जेवलं नाही. माझ्या प्रोफेसरांनी परीक्षा पुढे ढकलली, आणि कारण विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ड्युटीच्या आधी मी नेहमीसारखी त्यांच्या तंबूत गेले (मॅचच्या दिवशी इथे स्टेडियमबाहेर तंबू ठोकून खातात-पितात), गुरांच्या शेडमागच्या गवतात त्यांची जागा ठरलेली. मिस नेल्डांनी शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. इथे उकडलेल्या शेंगा खातात, आपल्यासारख्याच, फक्त तिखट मसाला घालून. मी पातेल्यातून शेंगा काढायला गेले तर त्यांनी झारा माझ्या हातात देताना तो माझ्या हाताच्या वीतभर बाजूला धरला. मी हसले. त्या नाही हसल्या.

"डॉक्टर म्हणाला वसंतापर्यंत जाईल," त्या म्हणाल्या. शेंगांबद्दल बोलाव्यात तशा आवाजात. "दोन्ही डोळे. बाजूचं राहील. मधलं जाणार. आत्ताच गेलंय बरंचसं. गंमत बघ, मी जिथे बघते ना, नेमकं तेवढंच पुसल्यासारखं होतं. मैदान दिसतं, माणसं दिसतात, आणि बॉल जिथे आहे तिथे धूर."

 मिस्टर हॉइट पलीकडे खुर्ची उघडत होते, आधीच उघडलेली खुर्ची.

"मी त्याला एकच मागितलंय," मिस नेल्डा जरा मोठ्याने म्हणाल्या, त्यांना ऐकू जाईल असं. "आज एक दिवस शेवटपर्यंत शेजारी बस. काय चाललंय ते सांग मला. पन्नास वर्षांच्या संसारात एक क्वार्टर."

 आणि मग डब स्कॉगिन्स, तोंडात सँडविच, म्हणाले, "नेल्डा, अगं आज नको ना. आज कॉर्बिन आहे. पुढच्या वर्षी बसेल तो."

पुढच्या वर्षी! हे या लोकांच्या तोंडात इतकं बसलंय ना की श्वासासारखं निघतं. डबना बोलून झाल्यावर कळलं. चेहरा असा लाल झाला त्यांचा. सँडविच खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी गाढव आहे."

"त्यात नवीन काय," मिस नेल्डा म्हणाल्या.

मिस्टर हॉइटनी ती खुर्ची मिटली, पुन्हा उघडायला गेले तर कडी बसेना.  या हातांनी तारा जोडल्यात, सांगितलं ना.

मॅच अडीचला सुरू झाली. मला माझ्या गेटवरून मैदान दिसत नाही, दोन खांबांच्या मधून स्कोअरबोर्डची एक फट दिसते, तेवढीच. पहिला क्वार्टर बरोबरी. दुसऱ्यात आपण पुढे. तिसऱ्यात ते जवळ आले. माझी नखं संपली. पण खरं सांगू, मला मॅचची भीती नव्हतीच. मी सारखी उताराकडे बघत होते, जिथून लोक वरून खाली येतात. नका येऊ. प्लीज नका येऊ. आज तरी बसा ना. तिसरा क्वार्टर संपला, हेरन्स दोन पॉइंटनी पुढे, बँड वाजायला लागला, आणि उतारावर कुणी नाही. एक मिनिट. कुणी नाही. मी चक्क हात जोडले.

आणि ते आले. करडी टोपी, खाली मान, भिंतीला हात लावत.

"उघड पोरी."

आणि मी काय केलं, तर गेटच्या मागे पाय लावला आणि म्हणाले, "अडकलंय."

त्यांनी बिजागरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "पाय काढ."

"मिस्टर हॉइट, मी मोजलंय!" मी ओरडलेच. मी खरंच मोजलं होतं, लायब्ररीत बसून, सगळे जुने निकाल. "तुम्ही बाहेर असताना एकशे छप्पन्न मॅच झाल्या. त्यातल्या ब्याऐंशी हरलो. ब्याऐंशी! काही फरक पडत नाही तुम्ही कुठे आहात त्याने. उगाच सव्वीस वर्षं त्या तिथे एकट्या बसल्या."

बोलले आणि लगेच वाटलं जीभ कापून टाकावी. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मला मोजता येत नाही होय?" ते म्हणाले. हळू आवाजात. "ब्याऐंशी माहितीयेत मला. पण मी बाहेर असताना हरले तर ते हरले. मी आत असताना हरले तर मी हरवलं. एकदा हरवलंय. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने. त्यात तिच्या शेजारी बसून तर नाहीच नाही. तिची शेवटची मॅच, आणि तीही मी घालवायची?"

मी पाय काढला. ते बाहेर गेले. गेट बंद झालं आणि मी रडत होते, ड्युटीवर, पिवळं जॅकेट घालून, आणि लोक मला बाथरूम कुठे आहे विचारत होते.

चारेक मिनिटं गेली असतील. उतारावरून डब स्कॉगिन्स येताना दिसले. डब! हा माणूस त्याच्या आईच्या फोनलासुद्धा सीटवरून उठला नव्हता म्हणतात. आणि त्यांच्या दंडाला धरून मिस नेल्डा, दुसऱ्या काखेत दोन गाद्या.

"घे बाई हिला," डब धापा टाकत म्हणाले. "मी पळतो, बॉल त्यांच्याकडे आहे." आणि खरंच पळाले, पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, चढावर.

"मिस नेल्डा," मी म्हणाले, "बाहेर गेलात तर परत..."

"आत काय आहे माझं?" त्या म्हणाल्या. "वर मला नुसता आवाज येतो. तो बाहेरही येतो. उघड."

मी त्यांना हात धरून बाहेर नेलं. हे पण करायचं नसतं, गेट सोडून जायचं नसतं, पण गेले. मिस्टर हॉइट तिकिटाच्या खोलीला टेकून पाठमोरे उभे. वळले, बघितलं आणि पांढरेफटक पडले. मला वाटलं आता मिठी मारतील बिरतील. तर म्हणतात काय,

"तू सीट सोडलीस? दोन्ही रिकाम्या? नेल्डा, दोन्ही सीट रिकाम्या आहेत?"

"मग जा, बस जाऊन."

"आत घेत नाहीत!"

"अरेरे," मिस नेल्डा म्हणाल्या, आणि दोन्ही गाद्या पायरीवर टाकून एकीवर बसल्या. "मग इथे बस आणि सांग. काय चाललंय?"

"मला काय दिसतंय इथून?"

"मला तरी काय दिसतंय?"

ते उभेच राहिले. आत गोंगाट वाढत गेला, खांब हलतात की काय असा. आणि मग मिस्टर हॉइट, बसता बसता, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बॉल त्यांच्याकडे आहे."

"कशावरून?"

"ओरडतायत ना आपले. बॉल त्यांच्याकडे असला की ओरडायचं, त्यांच्या पोरांना एकमेकांचं ऐकू येऊ नये म्हणून. आपल्याकडे आला की गप्प. थांब... हे बघ, 'ओ' झालं. थोडेसे पुढे सरकले ते. जास्त नाही. जास्त असता तर 'ओ'च्या मागे शिव्या आल्या असत्या." त्यांनी मान तिरकी केली. "आता डावीकडचे उठले. डावीकडून पळाला तो. पाडला. पाडला! टाळ्या ऐक. त्यांच्या संधी संपल्या की ढोल वाजतो, तो वाजला नाही अजून, म्हणजे अजून एक संधी आहे त्यांना."

मिस नेल्डांनी डोळे मिटले होते. "सांग ना, पुढे सांग."

आणि ते सांगत गेले. मी परत माझ्या गेटवर येऊन उभी होते, समोर चार पावलांवर. मी शपथेवर सांगते, माझ्या फटीतून दिसणाऱ्या स्कोअरबोर्डपेक्षा ते पुढे होते. सव्वीस वर्षं हा माणूस तिथे उभा राहून नुसता आवाज ऐकत होता, आणि त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की त्याला हे येतं. कोणी तरी बसलेलं हवं होतं ना शेजारी, सांगायला.

कॉर्बिनने किक मारून तीन पॉइंट घेतले. मिस्टर हॉइटनी ते कोपऱ्यातल्या त्यांच्या चार-पाचशे लोकांच्या ओरडण्यावरून ओळखलं. एका पॉइंटने मागे. त्यांचा चेहरा उतरला. "दोन्ही सीट," ते पुटपुटले. मिस नेल्डांनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

मग बॉल आपल्याकडे, आणि स्टेडियम गप्प. तीस हजार माणसं गप्प. मधूनच टाळ्या, पुन्हा गप्प. "सरकतायत," ते कुजबुजले. "अजून सरकले. वेळ किती असेल... एक मिनिटही नसेल. आता किक मारायला येतील. घातली तर जिंकलो."

त्यांनी मिस नेल्डांचा हात धरला होता की त्यांनी यांचा, मला नाही सांगता येणार. मी गज धरला होता.

ती शांतता किती वेळ होती कोण जाणे. आणि मग आतून एक आवाज आला, ओरडणं नव्हे, तीस हजार लोकांनी एकदम श्वास सोडला की येईल तसा. आणि त्या लांबच्या कोपऱ्यातून बारीक किंचाळ्या.

मिस नेल्डा म्हणाल्या, "ते आपले नाहीत ना?"

"नाही."

"किती बाहेरून गेली?"

"थोडक्यात." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जवळून गेली असणार, 'आ' लांबला ना. सपशेल चुकली असती तर हसले असते लोक."

 गेटमधून माणसं बाहेर पडायला लागली, माना खाली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी गेट सताड उघडलं. तिथून मला ऐकू येत होतं.

"हॉइट," मिस नेल्डा म्हणाल्या. "सव्वीस वर्षं आत कोण बसलं होतं?"

"तू."

"मग नाट कुणाचा लागत होता?"

 हे त्यांच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं, देवाशप्पथ, चेहऱ्यावर दिसत होतं.

"आज मीही बाहेर होते," त्या म्हणाल्या. "तरी हरले. म्हणजे तू नाहीस, मीही नाही. नुसतेच हरले, हॉइट. हरतात पोरं."

"नुसतेच?"

"नुसतेच."

मला वाटलं ते सुटले. पण तसं नसतं ना. सत्तावीस वर्षं धरून ठेवलेलं एका वाक्याने सुटत नाही. ते उठले, गाद्या काखेत मारल्या, आणि म्हणाले, "एप्रिलमध्ये सरावाची मॅच असते. आपलेच दोन भाग करून खेळतात. त्यात कुणी हरत नाही. त्याला बसतो. चारही क्वार्टर. आतमध्ये. तुझ्या शेजारी. शब्द देतो."

मिस नेल्डा म्हणाल्या, "बरं."

एप्रिल. डॉक्टरचा वसंत तर इथे मार्चमध्येच लागतो, मी गेटवर उभी राहून बोटांवर महिने मोजले आणि पुन्हा मोजले. मिस नेल्डांनीही मोजले असणार, तरी 'बरं' म्हणाल्या.

काल गेले होते मी. जानेवारी आहे अजून. मिस नेल्डांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण?" मी बोलले तेव्हा ओळखलं. मिस्टर हॉइट स्वयंपाकघरात कुठल्यातरी जुन्या मॅचची टेप लावून बसले होते, आवाज मोठा, आणि मिस नेल्डांना वाचून दाखवल्यासारखं सांगत होते, कोण कुठे पळाला. चौथा क्वार्टर चालू होता. ते खोलीतच होते. पण टीव्हीकडे पाठ करून.

मी हसले आणि बाहेर गाडीत येऊन रडले. डॉक्टरने वसंत म्हटलं होतं. मला नाही वाटत तेवढा वेळ आहे. त्या म्हणत होत्या की चेहरे बघून ठेवायचेत, जेवढे जमतील तेवढे, नवे असले तरी चालतील. तुमच्यापैकी बर्मिंगहॅमला असणाऱ्यांना इथे यायला दोन तास लागतात. काउंटी रोड एकोणीस, हिरव्या पत्र्याचं घर, दारात वीज सोसायटीचा जुना ट्रक. काही न्यायला लागत नाही, शेंगा असतातच. फक्त समोर जाऊन उभे राहू नका, त्यांच्या जरा बाजूला बसा, तिथून त्यांना दिसतं. या शनिवारी जमलं तर या शनिवारीच जा.